चवथीच्या ऑफरमध्ये नवा फोन घेताय? आधी या चुका टाळा

आमच्या गोव्यात २०२५ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठवडा उरला होता. घरात माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताच्या) सामानाची यादी चालली होती आणि डिचोलीहून आलेला भाचा वेगळ्याच यादीत गुंतला होता. "मामा, माझा सॅमसंगचा एस२४ एक्स्चेंजला टाकून एस२५ घेऊ? ऑफर चवथीपर्यंतच आहे."

"तुझ्या फोनला झालंय काय?"

या साध्या प्रश्नावर तो अडखळला. मग म्हणाला, चार्जिंग नीट होत नाही, केबल सारखी निसटते, रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी साठच टक्के.

मी फोन बंद केला, टॉर्च लावला आणि लाकडी टूथपिकने चार्जिंगच्या खाचेत हलक्या हाताने कोरलं. खिशातल्या कापडाच्या तंतूंचा करडा, घट्ट दाबलेला गोळा निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यात वाळूचे दोन कण चमकत होते. केबल लावली तशी ती टक्‌ करून बसली. दीड वर्षाचा फोन हा पोरगा मातीमोल भावाने द्यायला निघाला होता. (सुई किंवा टाचणी मात्र खाचेत घालू नका, आतल्या पिना वाकतात.)

वाड्यावरचा फोन-वैद्य म्हणून माझ्याकडे असले रोगी बरेच येतात. बहुतेकांची चूक एकच असते: नव्या मॉडेलचे गुण त्यांना तोंडपाठ असतात, पण हातातल्या फोनची तक्रार नेमकी काय, ते धड सांगता येत नाही. म्हणून मी आधी कागद पुढे करतो. "स्लो झालाय" असं लिहिलं तर चालत नाही. कुठे स्लो? कॅमेरा उघडताना? व्हॉट्सॲपवर? सकाळी की संध्याकाळी? एवढं लिहून झालं की निम्मे लोक दुकानात जातच नाहीत.

पुढचा आकडा म्हणजे पुढचा फोन, हा समज

त्याच दिवशी भाच्याला दोन्ही फोनांची माहिती शेजारी शेजारी मांडून दाखवली. एस२४ ची बॅटरी ४,००० एमएएच, एस२५ ची तेवढीच. चार्जिंग दोन्हींचं २५ वॅटचं. मागचे कॅमेरे तेच: ५० मेगापिक्सेलचा मुख्य, १२ चा वाइड, १० चा तीनपट झूमवाला. बदललं काय, तर प्रोसेसर आणि रॅम. भाच्याकडचा एस२४ एक्झिनॉसवर चालतो, एस२५ ला स्नॅपड्रॅगन आहे आणि रॅम ८ ची १२ जीबी झाली. तासन्‌तास गेम खेळणाऱ्याला हा फरक जाणवेल. भाचा क्रिकेटचा स्कोअर बघतो आणि रील्स खाली सरकवतो.

आयफोनवाल्यांनी हसू नये. १३ आणि १४ या दोघांत ए१५ हीच चिप आहे, १४ मध्ये ग्राफिक्सचा एक कोअर जास्त, एवढंच. पडदा तोच ६.१ इंची, ६० हर्ट्झचा. एका मॉडेलवरून लगेच पुढच्यावर उडी मारणं बहुतेक वेळा फुकट जातं. तीन-चार पिढ्या सोडून घेतलेला फोन हातात घेताक्षणी वेगळा वाटतो.

बॅटरी म्हातारी झाली की फोनला म्हातारा म्हणणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

लिथियम-आयन बॅटरी वापरानुसार झिजते. ॲपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी ५०० पूर्ण चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. १५ पासून हा आकडा १,००० चक्रांचा आहे. एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो की दोन दिवसांत. रोज एकदा पूर्ण चार्ज करणाऱ्याची ५०० चक्रं दीड वर्षाच्या आत संपतात.

आणि बॅटरी थकली की फोन नुसता लवकर उतरत नाही, मंदही होऊ शकतो. थकलेली बॅटरी एकदम जास्त करंट देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरनेच कमी केला जातो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. त्यानंतर मार्च २०१८ च्या अपडेटमध्ये बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दिसू लागली. सॅमसंगमध्ये मेंबर्स ॲप उघडून डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची स्थिती बघता येते. दुकानाची पायरी चढण्याआधी हे बघायला एक मिनिट लागतं. आकडा ८० च्या खाली असेल आणि बाकी फोन ठीक असेल तर बॅटरी बदलायचा भाव विचारा. नव्या फोनच्या किमतीपुढे तो फार छोटा असतो.

आपल्याकडे बॅटरीला आणखी एक शत्रू आहे: उष्णता. मे महिन्यात पणजीत उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून, नॅव्हिगेशन सुरू करून, वर चार्जिंगलाही लावणारे लोक मी पाहिलेत. ते बॅटरीला भाजतच असतात. फोन एसीच्या झोतासमोर लावला तरी बराच फरक पडतो.

भरलेला फोन आणि कालच झालेलं अपडेट

स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन अडखळतो. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघा. एकट्या 'कुटुंब' ग्रुपमधल्या सुप्रभाताच्या व्हिडिओंनी किती जीबी खाल्लेत ते कळेल. मोठं अपडेट झाल्यावर दोन-तीन दिवस फोन गरम आणि मंद वाटतो, कारण तो आतल्या आत फोटोंची, ॲप्सची पुन्हा मांडणी करत असतो. त्या दोन-तीन दिवसांत कुठलाही निर्णय घेऊ नका.

रेंज नाही म्हणून फोन बदलणं

सत्तरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या काकूंनी एवढ्याच कारणासाठी ५जी फोन घेतला. घरात रेंज आधीही नव्हती आणि नंतरही आली नाही. फोन बदलला म्हणून टॉवर काही जवळ येत नाही. चिऱ्यांच्या जाड भिंतींचं घर, वर झाडी आणि भोवती डोंगर. सिग्नल आत शिरायचा कुठून?

याची तपासणी फुकटात होते. तुमचं सिम शेजाऱ्याच्या नव्या फोनमध्ये घालून त्याच सोप्यावर बसा. तिथेही दांडी एकच दिसली तर दोष फोनचा नाही. घरात ब्रॉडबँड असेल तर सेटिंग्जमध्ये वाय-फाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल) सुरू करा. जिओ आणि एअरटेल दोन्हींवर ते चालतं. बऱ्याच जुन्या फोनांतही ही सोय असते, ती फक्त बंद ठेवलेली असते.

५जी साठीच घेत असाल तर एक बारकावा. जिओचं ५जी 'स्टँडअलोन' (एसए, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या) पद्धतीचं आहे आणि ७०० मेगाहर्ट्झचा बँडही (एन२८) वापरतं, तोच भिंतींतून आत पोचायला बरा. फोनच्या माहितीत एसए आणि एन२८ हे दोन्ही दिसतात का, ते बघा. खोक्यावर नुसतं '५जी' छापलेलं असणं पुरेसं नाही.

आयपी६८ वर भरवसा ठेवून समुद्रात उतरणं

ही चूक माझी स्वतःची. आयपी६८ म्हणजे धूळ आणि पाणी रोखण्याच्या क्षमतेची श्रेणी. केरीच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून, 'वॉटरप्रूफ आहे हो' म्हणत मी फोटो काढले. घरी येईपर्यंत फोन चालला. दुसऱ्या दिवशी स्पीकर घोगरा झाला, तिसऱ्या दिवशी पडद्यावर हिरवी रेघ आली. सेवा केंद्रातल्या मुलाने आतली पाण्याची खूण लाल झालेली दाखवली आणि वॉरंटीचा विषय तिथेच मिटला. चूक माझी, राग मात्र त्या मुलावर काढला.

आयपी६८ ची चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. खाऱ्या पाण्याचा, लाटांच्या माऱ्याचा त्यात समावेश नाही. फोन जुना होत जातो, एखाददुसऱ्यांदा पडतो, तसं आतलं पाणी रोखणारं सीलही ढिलं होतं. म्हणून 'पुढच्या मॉडेलला आयपी६९ आहे' एवढ्यावर गोव्यात कुणी पैसे मोजू नयेत. खारं पाणी लागलंच तर फोन बंद करून गोड्या पाण्याने हलकेच पुसा आणि वाऱ्यावर सुकू द्या. तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाचे बारीक कण खाचेत जातात, ॲपलही हेच सांगतं. आषाढ-श्रावणात 'ओलावा आढळला' ही सूचना येतच राहते. तो बिघाड नाही. खाच सुकेपर्यंत केबल लावू नका, एवढंच.

खरेदीचा मुहूर्त आणि किंमत

आपली मोठी खरेदी चवथीच्या आधी होते. आयफोन मात्र बहुतेक दरवर्षी सप्टेंबरात येतो. २०२४ मध्ये चवथ ७ सप्टेंबरला होती आणि आयफोन १६ जाहीर झाला ९ ला. त्याबरोबर आयफोन १५ ची अधिकृत किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला होती, नवा आयफोन पुन्हा ९ सप्टेंबरलाच आला आणि १६ ची किंमतही तशीच दहा हजारांनी उतरली. चवथीनंतर दोन आठवडे थांबलेल्यांना जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं. सॅमसंगच्या एस मालिकेचा असाच हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी घटला तेव्हा फोनही स्वस्त होणार म्हणून कित्येकजण थांबले होते; मोबाइलवरचा कर तेव्हा १८ टक्केच राहिला. तो उतरला एसी आणि मोठ्या टीव्हींवरचा.

'नो कॉस्ट ईएमआय' हे नाव गोड आहे. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट आधीच देतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्या माथी येतं, शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळतेच असं नाही. एक्स्चेंजचा पडद्यावर दिसणारा भाव निर्दोष फोनचा असतो. कोपऱ्यातला चरा दिसला की तो दारातच उतरतो.

'एक वर्ष जुनं मॉडेल स्वस्त पडतं' यातला खाचखळगा

सल्ला चांगला आहे, पण अर्धाच. सुरक्षा अपडेटची मुदत तुम्ही फोन घेतलात त्या दिवसापासून धरत नाहीत, तो बाजारात आला तेव्हापासून धरतात. चार वर्षांचं वचन असलेला २०२२ चा फोन २०२५ मध्ये घेतला तर हातात उरतं एक वर्ष. पिक्सेल ८ आणि गॅलॅक्सी एस२४ पासून गूगल आणि सॅमसंग यांनी आपल्या वरच्या फोनांना सात वर्षांचं वचन दिलंय. एस२४ जानेवारी २०२४ चा, म्हणजे २०३१ च्या सुरुवातीपर्यंत तो निश्चिंत. भाच्याच्या फोनची जवळजवळ साडेपाच वर्षं बाकी होती तर!

फोन खरंच बदलायचा असेल तर माझ्या लेखी कारणं तीनच: सुरक्षा अपडेट संपलेत आणि त्याच फोनवर बँक, यूपीआय चालतं, दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जातो, किंवा तुमचं एखादं काम हा फोन करूच शकत नाही. तिसऱ्या कारणासाठी फोंड्याचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले होते. जत्रेला रात्री देवळापुढच्या मंचावर होणाऱ्या मराठी नाटकांचं चित्रीकरण ते करतात, आणि त्यांच्या जुन्या फोनवर राजाचं तोंड नुसता पांढरा डाग दिसायचं. त्यांना मेगापिक्सेल विचारू नका म्हटलं, ओळखीच्या तिघांचे फोन मागून घ्या आणि पुढच्या जत्रेत प्रत्येकावर पाच-पाच मिनिटं घ्या. त्यांनी तसंच केलं. पसंत पडला तो दोन वर्षांपूर्वीचा फोन, सगळ्यात नवा नव्हे.

नवा घेतलाच तर जुना लगेच कुणाला देऊ नका, आठ-दहा दिवस ठेवा. यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीतच मोजला जातो, त्यामुळे तो महिन्यांपूर्वीच अडकलेला असू शकतो. सगळं उतरलं याची खात्री झाली की आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा आणि मगच फोन कोरा करा, नाहीतर पुढच्या माणसाच्या हातात कुलूप लागलेली वीट पडेल. जुना विकत घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, 'केवायएम' लिहून जागा सोडून तो आकडा टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून रोखलेला असेल तर तिथेच कळेल.