नवीन टँकमध्ये मासे सोडायच्या आधी: टँक सायकल कसा करायचा

नवीन टँक आणला, वाळू धुतली, पाणी भरलं, फिल्टर सुरू केला, पाणी कसं काचेसारखं दिसतंय, मग आता मासे आणायला काय हरकत आहे, असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण थांबा. पाणी स्वच्छ दिसणं वेगळं आणि माशांना राहण्यासारखं होणं वेगळं, आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही हीच सगळी अडचण आहे. मला पहिल्या वेळी "पाणी एक दिवस ठेवा आणि मासे सोडा" असं सांगितलं गेलं आणि मी तसंच केलं. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, कल्ले लालभडक झाले, आणि आठवडा संपायच्या आत सहापैकी चार गेले. रोग नव्हता, खाणंही जास्त घातलं नव्हतं. त्यांनी स्वतःच सोडलेल्या अमोनियाने ते गेले, कारण तो संपवणारं त्या टँकमध्ये अजून कुणी नव्हतंच. ते अजून मनातून जात नाही, म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

होतं काय, मासे कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. शिवाय त्यांची शी, तळाशी पडलेलं खाणं, कुजणारी पानं यातूनही अमोनियाच तयार होतो. तळ्यात पाणी अफाट असतं, आपल्याकडे ५०-१०० लिटर, त्यामुळे तो लगेच साठतो. जुन्या, बसलेल्या टँकमध्ये एक प्रकारचे बॅक्टेरिया या अमोनियाचा नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचा नायट्रेट करतात. अमोनिया कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहू देत नाही, रक्त अक्षरशः तपकिरी पडतं आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य, पाणी बदलून किंवा झाडं लावून तो आटोक्यात ठेवता येतो. या दोन्ही बॅक्टेरियांची पुरेशी वस्ती टँकमध्ये वसवणं म्हणजेच टँक सायकल करणं. म्हणजे खरं तर मासे पाळायच्या आधी आपण बॅक्टेरिया पाळतो.

हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत हे आधीच डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं बरंच काही यावरून कळतं. ते चिकटून राहतात, फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंग्जवर, वाळूवर, काचेवर. सगळ्यात जास्त फिल्टरमध्ये, कारण तिथे पाणी आणि ऑक्सिजन सतत फिरत असतो. आणि ते वाढतात फार हळू. दूध नासवणारे बॅक्टेरिया तासाभरात कितीतरी पट होतात, यांना एकदा दुप्पट व्हायला चांगल्या परिस्थितीतही साधारण दिवसभर लागतो. म्हणून शून्यातून सुरुवात केली तर ४ ते ६ आठवडे धरून चालायचं. (पूर्वी दुसऱ्या पायरीचं, म्हणजे नायट्राइटचा नायट्रेट करण्याचं, श्रेय नायट्रोबॅक्टर नावाच्या बॅक्टेरियांना द्यायचे, पण १९९८ च्या एका संशोधनात गोड्या पाण्याच्या टँकमध्ये हे काम नायट्रोस्पायरा नावाचे बॅक्टेरिया करतात असं दिसलं, आणि २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यातले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.)

आता प्रत्यक्ष काम. टँक पूर्ण लावून घ्या, वाळू, दगड, फिल्टर, हीटर, सगळं. नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन घालायचंच, क्लोरीन जंतू मारायलाच असतं आणि ते आपले बॅक्टेरियाही मारतं. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे बऱ्यापैकी खरं आहे, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते असं उडत नाही, म्हणून औषध घातलेलं बरं. तापमान २६ ते २८ डिग्री ठेवा. फिल्टर २४ तास चालू, रात्री बंद नाही, आवाज येतो म्हणून नाही, काही म्हणून नाही. एअर स्टोन (पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर तोही लावा, या बॅक्टेरियांना ऑक्सिजन भरपूर लागतो. झाडं नसतील तर लाइट बंदच ठेवा, नाहीतर मासे यायच्या आधी शेवाळ येऊन बसेल.

टेस्ट किट घ्या, थेंबांचं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, हे चार. कागदी पट्ट्या मिळतात, पण त्यांच्यावर ० आणि ०.५ मधला फरक कळणं कठीण, आणि आपल्याला नेमका तोच बघायचा असतो. ट्यूब पांढऱ्या कागदावर धरून दिवसाच्या उजेडात रंग बघा, पिवळ्या बल्बखाली अमोनियाची पिवळी ट्यूब हिरवट आहे की नाही हे कळतच नाही. नायट्रेटच्या किटमध्ये बहुतेक वेळा दुसरी बाटली जोरजोरात हलवायला सांगितलेली असते, अर्धा मिनिट वगैरे, ते खरंच करा. तळाशी बसलेली पावडर नीट मिसळली नाही तर नायट्रेट शून्य दिसतो आणि माणूस उगाच महिनाभर वाट बघत बसतो. आणि सुरुवातीलाच साध्या नळाच्या पाण्याची एक टेस्ट करून आकडे लिहून ठेवा, कधीकधी त्यातच थोडा अमोनिया किंवा नायट्रेट असतो आणि नंतर गोंधळ होतो.

बॅक्टेरियांना खायला अमोनिया लागतो, आणि मासे तर अजून नाहीत, म्हणून तो आपण द्यायचा. सगळ्यात नेमका उपाय म्हणजे अमोनियम क्लोराइड. १०० लिटर पाण्याला साधारण ०.६ ग्रॅम घातलं की अमोनिया २ पीपीएम होतो, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम. एवढं कमी वजन घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून मी ६ ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करून बाटलीत ठेवतो, बाटलीवर ठळक नाव लिहितो आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवतो. त्यातलं १० मिली म्हणजे १०० लिटरला एक डोस, ५० लिटरचा टँक असेल तर ५ मिली. टँकमध्ये वाळू-दगड असतात त्यामुळे खरं पाणी लिहिलेल्या लिटरपेक्षा कमी असतं, तेव्हा डोसनंतर तासाभराने टेस्ट करून बघा. साफसफाईचा अमोनिया वापरणार असाल तर त्यात साबण किंवा सुगंध नको, बाटली हलवल्यावर फेस येऊन टिकला तर ती वापरू नका. तिसरा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून ते कुजू देणं, चालतं, पण किती अमोनिया होतोय यावर काही ताबा राहत नाही आणि तळाशी बुरशी धरते, मला तो फारसा आवडत नाही.

डोस २ पीपीएमच्या आसपासच ठेवा. जास्त घातलं की लवकर होईल असं वाटतं, होतं उलटं, ५ च्या वर गेलं की काम रेंगाळतं.

पहिले काही दिवस, कधी आठ कधी बारा, काहीच घडत नाही. अमोनिया २ चा २. या काळात पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका आणि पाणी बदलायला धावू नका, ते वेगळे बॅक्टेरिया असतात आणि काही दिवसांत पाणी आपोआप नितळ होतं. मग एक दिवस अमोनिया १.५ दिसतो, मग १, आणि नायट्राइटची ट्यूब पहिल्यांदा जांभळट होते. तो दिवस वहीत लिहून ठेवा, पहिली वस्ती बसली. आता अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा डोस, पण या टप्प्यात दर दोन-तीन दिवसांनी एवढाच.

आणि इथेच बहुतेक लोकांचा धीर सुटतो. अमोनिया तर भराभर संपतोय, पण नायट्राइट वर वर चाललाय आणि खाली यायचं नाव घेत नाही, दोन आठवडे, कधी तीन. यात एक साधा हिशोब आहे, १ पीपीएम अमोनियापासून साधारण २.७ पीपीएम नायट्राइट होतो, म्हणजे तीन डोस गेले की १६ च्या आसपास नायट्राइट साठलेला असू शकतो, आणि किटवरचा रंग तर ५ लाच संपतो. मग तो १६ वरून ८ वर आला तरी ट्यूब तेवढीच जांभळी दिसते आणि वाटतं की सगळं अडकलंय. अशा वेळी टँकचं १ भाग पाणी आणि डिस्टिल्ड वॉटर ४ भाग मिसळून टेस्ट करा आणि आकड्याला ५ ने गुणा, खरं चित्र कळतं. फारच वर गेला असेल तर अर्धं पाणी बदलून टाका, काही बिघडत नाही, बॅक्टेरिया स्पंजवर बसलेत, पाण्याबरोबर जात नाहीत. फक्त नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन विसरू नका.

सगळंच खरोखर ठप्प झालं, अमोनियासुद्धा हलत नाही, तर आधी पीएच बघा. हे बॅक्टेरिया काम करताना पाण्यातला क्षार खात जातात, त्यामुळे मऊ पाण्यात पीएच हळूहळू घसरतो, ६.५ च्या खाली काम मंदावतं आणि ६ च्या आसपास जवळपास थांबतं. पाणी बदललं की बहुतेक वेळा सुटतं, किंवा १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा विरघळवून घाला, त्याने कार्बोनेट हार्डनेस, म्हणजे पीएच घसरू न देणारा हाच क्षार, साधारण १ डिग्री वाढतो. यापेक्षा जास्त एकदम घालू नका.

नंतर कधीतरी, आणि हे बहुधा एकदमच होतं, आदल्या दिवशी गडद जांभळी असलेली ट्यूब सकाळी आकाशी निळी दिसते. मी प्रत्येक टँकच्या वेळी दोनदा टेस्ट करतो त्या दिवशी, विश्वासच बसत नाही. पण अजून मासे नाही. आता खरी परीक्षा: २ पीपीएमचा पूर्ण डोस घाला आणि बरोबर २४ तासांनी बघा. अमोनिया ० आणि नायट्राइट ०, दोन्ही, तरच पास. एक जरी ०.२५ असेल तर आणखी काही दिवस द्या. कॅलेंडरवर सहा आठवडे झाले म्हणून टँक तयार होत नाही, ही टेस्ट सांगेल तेव्हाच होतो.

पास झाल्यावर नायट्रेट बराच चढलेला असणार, त्यामुळे ७०-८० टक्के पाणी बदला, तो २० पीपीएमच्या आसपास आणा, तापमान जुळवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे आणा. मासे आणायला उशीर होणार असेल तर तोपर्यंत अमोनियाचा छोटा डोस चालू ठेवा, नाहीतर एवढी वाढवलेली वस्ती उपाशी राहून कमी होते.

हे सगळं लवकर व्हावं असं वाटत असेल तर एकच उपाय मला खात्रीने सांगता येतो, ओळखीतल्या कुणाच्या तरी जुन्या आणि निरोगी टँकच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा मूठभर सिरॅमिक रिंग्ज. त्याच टँकच्या पाण्यात ओल्या ठेवून आणायच्या, सुकू द्यायच्या नाहीत, आणि सरळ आपल्या फिल्टरमध्ये. महिन्याचं काम आठवडा-दहा दिवसांत होऊ शकतं. त्या टँकमध्ये रोग असेल तर तोही येतो, तेवढं विचारून घ्या. बॅक्टेरियाच्या बाटल्या मिळतात, काही चालतात काही नाही, बाटली उन्हात किंवा खूप दिवस पडलेली असेल तर आत जिवंत काही उरलेलं नसतं. घातली तरी टेस्ट चुकवू नका.

आणि मासे आधीच आणून झाले असतील तर? तरी घाबरू नका, मासे वाचतात, फक्त मेहनत आहे. तेव्हा बाहेरून अमोनिया अजिबात घालायचा नाही. रोज टेस्ट, अमोनिया किंवा नायट्राइट ०.२५ च्या वर गेला की लगेच ३० ते ५० टक्के पाणी बदला, रोज बदलावं लागलं तरी बदला. खाणं एक दिवसाआड आणि अगदी थोडं. पीएच जास्त असेल तर आणखी जपा, २५ डिग्रीला पीएच ७ असताना अमोनियातला विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे किटवर आकडा तोच आणि विष दहापट. तरंगती झाडं किंवा हॉर्नवर्ट भरपूर टाका, ती अमोनिया थेट शोषून घेतात.

मासे आल्यावर सगळे एकदम आणू नका, आधी थोडे, मग दोन आठवडे थांबून पुढचे. पहिला महिना आठवड्यातून दोनदा अमोनिया आणि नायट्राइट बघत राहा. आणि फिल्टरचा स्पंज घाण झाला की नळाखाली धरू नका. टँकमधलं पाणी बदलताना जे बादलीत काढलेलं असतं त्यात तो दोन-तीनदा हलकेच पिळा, तपकिरी पाणी निघेल, तेवढं पुरे, स्पंज नव्यासारखा पांढरा व्हायला नको आहे आपल्याला. रिंग्ज आणि स्पंज एकाच दिवशी धुवायचे नाहीत, एक या महिन्यात, दुसरा पुढच्या.