पहिले वाचन कोणापुढे करावे? नाट्यलेखनाकडे वळणाऱ्यांसाठी काही अनुभव

शिक्षणासाठी सांगलीहून पुण्यात आले तेव्हा माझ्याजवळ स्वतः लिहिलेल्या दोन एकांकिका होत्या आणि त्या पूर्णपणे मनासारख्या झाल्याखेरीज कोणालाही दाखवायच्या नाहीत, असा माझा निश्चय होता. लेखन एकट्याने करायचे असते, हे खरेच आहे. पण त्यावरून ते एकट्यानेच तपासायचेही असते, असा निष्कर्ष मी काढला होता आणि त्यात माझी दोन वर्षे गेली. नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींना मी हा अनुभव सांगते, तो त्यांची तेवढी दोन वर्षे वाचावीत म्हणून.

महाविद्यालयाच्या संघात मी शिरले ती लेखिका म्हणून नव्हे. पुरुषोत्तम करंडकाची तयारी चालू होती. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून घेत असलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा म्हणजे पुण्यातल्या नाटकवेड्या विद्यार्थ्यांचा सणच असतो. माझ्याकडे प्रॉम्प्टिंगचे, म्हणजे नट अडला की त्याला वाक्य सुचवण्याचे, आणि रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू सांभाळण्याचे काम आले. संहिता हातात धरून रोज तालमीला बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. एखादा चांगला नट रोज त्याच वाक्याला अडखळत असेल, तर पुष्कळदा त्याच्या पाठांतरात दोष नसतो. त्या वाक्याच्या आधी पात्राला ते बोलण्याचे कारणच लेखकाने दिलेले नसते. हे मला नाट्यलेखनावरच्या व्याख्यानातून कळले नसते. त्यासाठी दुसऱ्याच्या नाटकासाठी सहा आठवडे राबावे लागले आणि म्हणूनच नवोदितांनी समूहात शिरताना स्वतःची संहिता पुढे करण्याआधी दुसऱ्याच्या प्रयोगाचे काम अंगावर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

पदवीनंतर आम्ही आठ-नऊ जण दर पंधरा दिवसांनी एकाच्या घरी वाचनासाठी जमू लागलो. तिथे मी पिठाच्या गिरणीत घडणारी एक एकांकिका वाचली. गिरणी चालवणारी आई आणि शहरात निघालेला मुलगा यांच्यातला, हळव्या सुरातला तो दीर्घ संवाद मला फार प्रिय होता. वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मग आमच्यातला प्रकाशयोजना करणारा मित्र म्हणाला, "गिरणी चालू असताना हे बोलणे ऐकू कसे येईल?" त्याच्या वडिलांची गिरणी होती. पट्टा फिरत असताना माणसे ओरडून किंवा हाताच्या खुणांनी बोलतात, कान जवळ नेल्याशिवाय शब्द कळत नाही आणि वीज गेली की अचानक पसरणाऱ्या शांततेत प्रत्येकाला आपलाच आवाज मोठा वाटतो, हे त्याने सांगितले. मी ती एकांकिका पुन्हा लिहिली. पहिला अर्धा भाग दोघेही एकमेकांवर ओरडत राहिले, तेही दळणाच्या हिशेबाबद्दल. मग वीज गेली आणि जे बोलायचे होते ते त्या अंधारात तीन-चार वाक्यांत संपले. नऊ पानांचा संवाद गेला. त्याचे मला त्या रात्री अतिशय दुःख झाले होते, हेही इथे नोंदवले पाहिजे.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की ही सूचना लेखकाकडून आली नाही. केवळ लेखकांच्या मंडळात शब्दकळेवर उत्तम चर्चा होते, पण गिरणीचा आवाज कोणाच्या ध्यानात येईलच असे नाही. म्हणून वाचनाला नट, नेपथ्य करणारे, रंगभूषा करणारे आणि शक्य असेल तर नाटकाशी संबंध नसलेला एखादा शेजारीही असावा. वाचताना लेखकाने स्वतः अभिनय करू नये, कारण आवाजाच्या चढउताराने संहितेतील पोकळ जागा झाकल्या जातात. शक्यतो दुसऱ्याला वाचायला द्यावे आणि आपण ऐकणाऱ्यांकडे पाहावे. ऐकताना कोण कुठे चुळबुळले, ते शब्दांत दिलेल्या अभिप्रायाहून अधिक विश्वासार्ह असते. "आवडले का?" असे विचारण्याऐवजी "काय घडले ते सांगा" असे विचारावे. सांगणाऱ्याने जो प्रसंग गाळला, तिथे पुन्हा काम करायचे, हे ओळखावे.

समूहाला जागा लागते, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मुंबईत 1971 मध्ये स्थापन झालेल्या आविष्कार या संस्थेने 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि ती जागा इतर संस्थांनाही प्रयोगासाठी खुली ठेवली. सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्या या कामाचे मोल मला इथेच सर्वाधिक वाटते. एकाच लहान जागेत वेगवेगळ्या संस्थांची नाटके होऊ लागली, की रंगकर्मी एकमेकांचे प्रयोग पाहू लागतात आणि प्रेक्षकही सामाईक होतो. पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर प्रयोग पाहायला जाताना मी हेच अनुभवले. प्रयोग संपल्यावर लगेच निघू नये. सामान उतरवायला हात लावावा. माझ्या बहुतेक ओळखी लेव्हल, म्हणजे रंगमंचावर उंची देणारे चौथरे, उचलतानाच झाल्या आहेत.

पुण्या-मुंबईपासून दूर असणाऱ्यांनी निराश होऊ नये. 1954 पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी अनेक केंद्रांवर होते आणि जवळच्या केंद्रावर सलग आठवडाभर नाटके पाहिली, तरी आपल्या भागात कोण काय करते याचा अंदाज येतो.

समूहात भांडणेही होतात. आमचा पहिला गट श्रेयनामावलीत कोणाचे नाव कुठे यावे यावरून फुटला आणि त्यात माझीही चूक होती. खर्च कोणी किती करायचा, संहितेवर हक्क कोणाचा आणि नावे कशी द्यायची, हे आम्ही तालमी सुरू होण्याआधी कागदावर लिहिलेच नव्हते. आताच्या गटात पहिल्या बैठकीत वही उघडून हे तीन मुद्दे लिहितो, सगळे सही करतात आणि मगच वाचन सुरू होते.