जुना चित्रपट आणि रहस्यकथा यांचा आस्वाद कसा घ्यावा

सोलापूरकराने जुन्या चित्रपटांची सुरुवात व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’पासून करावी, कारण तिचे नायक, चीनमध्ये जाऊन जखमींची सेवा करणारे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, १९१० साली याच शहरात जन्मले. आधी कोटणीस स्मारकात जाऊन यावे, मग मोबाइल दूर ठेवून चित्रपट एका बैठकीत पाहावा. पहिली दहा मिनिटे संथ वाटतील. तेवढा धीर धरल्यास कृष्णधवल छायाप्रकाशाची भाषा डोळ्यांना हळूहळू उमगू लागते.

रहस्यकथेसाठी उन्हाळ्यातील दुपार उत्तम. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळापहाड या नायकांची एखादी कथा हाती घ्यावी, संशयितांची नावे कागदावर लिहावीत आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणापाशी थांबून आपला तर्क मांडावा. वाचनालयातील प्रतीचे समास मात्र आधी पाहू नयेत. माझ्या हाती आलेल्या एका प्रतीत कोणा परोपकारी वाचकाने बाराव्या पानावरच खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीने दोन रेघा मारून ‘हाच तो’ असे लिहिले होते. सोबत शेंगाचटणी असल्यास पाने उलटण्यापूर्वी बोटे पुसावीत.