भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क पुसायची कशी?

झेरॉक्सच्या दुकानातला जुना संगणक भंगारात गेला की त्याच्यासोबत अर्ध्या गावाची आधार कार्डं, सातबारे आणि पासबुकांची पहिली पानं जातात. मालकाचं उत्तर ठरलेलं : “भाऊ, समदं डिलीट करी टाकं.” डिलीट केल्यानं फाइलची फक्त नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो. क्विक फॉरमॅटचंही तेच. 2003 साली एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी विकत घेतलेल्या 158 जुन्या डिस्क तपासल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांत क्रेडिट कार्डांचे 5,000 हून जास्त नंबर निघाले होते.

लागणाऱ्या फाइली आधी काढून घ्या. डिस्क खोलून यूएसबी कन्व्हर्टरनं दुसऱ्या संगणकाला जोडा. डेस्कटॉपच्या डिस्कला विजेसाठी वेगळा अडॅप्टर लागतो. विंडोजमधली कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट डिस्क’ टाइप करा (अर्थात इंग्रजीत).

इथे घाई नको. बाकीचे पेन ड्राइव्ह, बाहेरच्या डिस्क आधी काढून ठेवा. आकारावरून आपली डिस्क ओळखा. 1 टीबीची डिस्क तिथे 931 जीबी दिसते, 500 ची 465. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तिचा नंबर द्या, मग पुन्हा ‘लिस्ट डिस्क’ करून फुली (*) कोणत्या ओळीपुढे आली ते बोटानं दाखवून वाचा. हसू नका. पुढची कमांड “नक्की का?” असं विचारत नाही, एंटर दाबला की सुरू.

ती कमांड ‘क्लीन ऑल’. नुसतं ‘क्लीन’ चालणार नाही, त्यानं फक्त पार्टिशनची (डिस्कच्या सी, डी अशा भागांची) माहिती उडते. ‘ऑल’ लावलं की प्रत्येक सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक बारीक कप्प्यात, शून्य लिहिलं जातं. यात टक्केवारी नाही, पट्टी सरकत नाही, नुसता कर्सर लुकलुकतो. मलाही सुरुवातीला ते हँग झाल्यासारखंच वाटायचं, आणि इथेच लोक वायर उपटतात. जुन्या यूएसबी 2 वर 1 टीबीला आठ-नऊ तास सहज लागतात. म्हणून संध्याकाळी लावून झोपा, स्लीप मोड बंद ठेवा. आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, तेव्हा इन्व्हर्टर हवाच. मध्येच बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. जळगाव-भुसावळचा मे महिना असेल तर डिस्क पंख्याखाली ठेवा, कुलरच्या ओल्या हवेत नको.

35 वेळा पुसायचा सल्ला 1996 च्या एका लेखातून आलाय, तेव्हाच्या डिस्कसाठी. आजच्या डिस्कला एकदाच नीट पुसलेलं पुरतं. खात्री हवी तर नंतर फोटोरेक हे डिलीट झालेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवा. एकही फोटो सापडता कामा नये.

एसएसडीला (फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) हे सगळं लागू नाही. तिच्या राखीव भागापर्यंत असं लिहिणं पोहोचत नाही. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा.

डिस्क सुरूच होत नसेल तर स्पीकरचं चुंबक फिरवत बसू नका, जाळू तर मुळीच नका. टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू काढून आतल्या चकत्या फोडा. लॅपटॉपच्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात, कचकन तडकतात, तेव्हा डोळ्याला चष्मा आणि हातात मोजे घाला. उरलेलं नोंदणीकृत ई-कचरावाल्याला द्या.