तालुक्यात आरोग्य, शिक्षण अशा प्रश्नांवर पत्रकारांचं आणि सामाजिक संस्थावाल्यांचं ट्रेनिंग घेणार असाल तर

पहिली गोष्ट, दोघांना वेगवेगळं बसवू नका. मी सुरुवातीला तेच केलेलं, सकाळी पत्रकार आणि दुपारी संस्थांचे कार्यकर्ते, आणि दिवसभर फक्त एकमेकांची गाऱ्हाणी ऐकली. पत्रकार म्हणे हे लोक उद्घाटनाची प्रेसनोट तेवढी पाठवतात, नंतर आकडा विचारला की फोन उचलत नाहीत. कार्यकर्ते म्हणे मूल दगावल्याशिवाय पेपरवाले पाड्यावर फिरकत नाहीत. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तेव्हापासून एक पत्रकार एक कार्यकर्ता अशी जोडी लावते आणि दोन दिवस ती मोडू देत नाही.

तारीख धरताना आठवडी बाजाराचा दिवस सोडा, आणि दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या आधीचे पंधरा दिवस तर विसराच, कारण तालुका प्रतिनिधीला तेव्हा पुरवणीच्या जाहिराती गोळा करायच्या असतात, त्याच्या कमिशनवरच त्याचं घर चालतं. मार्चमध्ये संस्थावाले बिलांच्या फायलीत बुडालेले. एसटीचं भाडं द्या, सही घेऊन द्या, पाकीट मात्र कुणाला देऊ नका. पाकीट दिलं की तुमचीच बातमी चांगली येते आणि ट्रेनिंग तिथंच संपतं.

विषय एकच घ्या. आरोग्य, शिक्षण, सामाजिक प्रश्न असं सगळं दोन दिवसांत कोंबलं तर लोक फक्त जेवण लक्षात ठेवतात. मी बहुतेक वेळा कुपोषण घेते, कारण त्यात आरोग्य आहेच, अंगणवाडी आहे, लहान वयातलं लग्न आहे, ऊसतोडीचं स्थलांतर आहे, सगळं आपोआप येतं.

सकाळचा पहिला तास प्रेसनोटवर. प्रत्येक संस्थेला तिचीच जुनी प्रेसनोट आणायला सांगा आणि जोडीदार पत्रकाराच्या हातात लाल पेन द्या. मान्यवरांच्या हस्ते, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार, हे सगळं खोडायचं. एकदा दीड पानाच्या नोटमधून एकच ओळ उरली होती, ‘४२ बालकांची तपासणी करण्यात आली’. मग पत्रकारानं विचारलं, तपासणीत निघालं काय? त्या ताईंच्या डायरीत सगळं होतं हो, किती सॅम म्हणजे तीव्र कुपोषित, किती मॅम म्हणजे मध्यम कुपोषित, कुणाला पुढं पाठवलं आणि कोण गेलंच नाही, पण नोटमध्ये लिहावं असं कुणाला वाटलंच नव्हतं. बातमी डायरीत आणि प्रेसनोटमध्ये पाहुण्यांची नावं.

मग आकडे. इथं घाई करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९-२१ चे महाराष्ट्राचे तीन आकडे फळ्यावर लिहा: पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानानं उंची कमी ३५.२ टक्के, उंचीच्या मानानं वजन कमी २५.६, वयाच्या मानानं वजन कमी ३६.१. आणि सांगा, हेडलाइन करा. दर बॅचला कुणीतरी बेरीज करतंच, ‘९७ टक्के बालके कुपोषित’! हसू नका त्याच्यावर, एकच मूल तिन्ही आकड्यांत असू शकतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. लगेच दुसरा प्रश्न येतो, की मग अंगणवाडीच्या रिपोर्टमध्ये एवढी कमी मुलं कशी? अंगणवाडीत जे मूल येतं त्याचंच वजन होतं, दिवाळीनंतर आईबापाबरोबर फडावर गेलेलं मूल त्या काट्यावर चढतच नाही. पाहणीत नमुना म्हणून घरं निवडतात आणि मोजणारी माणसंही वेगळी. दोन्ही आकडे छापायचे, पण कुठला कशाचा ते लिहून.

दुपारी माहिती अधिकार. भाषण नको, अर्जच लिहायला लावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील २० रुपयांत. ‘तालुक्यात कुपोषण का आहे’ असं विचारलं तर काही मिळत नाही, माहिती अधिकारी कारणं द्यायला बांधील नाही, कागद द्यायला आहे. अमुक बालविकास प्रकल्पात अंगणवाडी पर्यवेक्षिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, एवढंच विचारा.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी. सेविकेला आदल्या दिवशी सांगून जा, धाड टाकल्यासारखं नको, आणि दहाच्या वर माणसं नेऊ नका. दंडाचा घेर मोजायची टेप प्रत्येकाच्या हातात द्या. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधे, टेप आवळायची नाही आणि सैलही सोडायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल म्हणजे सॅम, साडेबारापर्यंत पिवळी. एक क्राइम रिपोर्टर होते, आठ वर्षं ‘कुपोषित’ शब्द लिहीत होते, त्यांनी टेप लावली तर लाल पट्टी आली. ती पोरगी त्यांच्या पेनाशी खेळत होती. म्हणाले, हिच्याकडं बघून मला कळलंच नसतं. दोन्ही पायांवर सूज असेल तर टेप काहीही दाखवो, ते मूल गंभीरच, हे पण तिथंच सांगा.

फोटोचा नियम गाडीत बसतानाच सांगा. आई हो म्हणाली तरी उघड्या अंगाचा फोटो नाही. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम २३ नुसार मुलाचं नाव, घर, शाळा, काहीच ओळख देता येत नाही, फक्त गावाचं नाव टाकलं तरी छोट्या पाड्यात ओळख पटतेच.

आणि सेविकेचं. ‘सेविकेचा हलगर्जीपणा’ ही सगळ्यात सोपी बातमी आहे, मीही एकेकाळी अशी दिलीय. तिला नोटीस मिळाली आणि नंतर त्या भागात कुणीच माझ्याशी बोलेना. वजनकाटा बंद असेल तर तो कधीपासून बंद, वर किती वेळा कळवलं, तो कागद तिच्याकडं असतो, तो बघा आणि प्रश्न बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला विचारा.

शाळेवर ट्रेनिंग घ्यायचं असेल तर पद्धत हीच, टेपच्या जागी दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा न्यायचा आणि पाचवीतल्या मुलाला प्रेमानं वाचायला द्यायचा. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना भेटा, कायद्यानं तिथं ७५ टक्के पालक लागतात, पण आपण समितीत आहोत हेच कितीकांना माहीत नसतं.

शेवटी प्रत्येक जोडीकडून एक बातमी आणि एक अर्ज लिहून घ्या, सर्टिफिकेट त्यानंतरच. व्हॉट्सॲप ग्रुप करा, गुड मॉर्निंग टाकणाऱ्याला एकदा सांगून मग काढा, आणि ३० दिवस झाले की ग्रुपवर एवढंच विचारा, उत्तर आलं का? नसेल आलं तर त्याच दिवशी अपील लिहायला बसवा.