हेरकथेचा निवेदक: पाहणारा, पण न उमजणारा

हेरकथा लिहायला घेतल्यावर गुन्हा कसा घडला हे ठरवण्याआधी गोष्ट कोण सांगणार हे ठरवावे. एडगर ॲलन पो यांच्या 1841 मधील कथेत ही जबाबदारी हेराच्या एका अनाम मित्राकडे होती. पुढे कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सच्या 56 लघुकथांपैकी बहुतेक डॉ. वॉटसनकडून सांगवल्या. होम्स स्वतः सांगतो अशा कथा अवघ्या दोन आहेत, आणि त्यांपैकी एकीत, आपणच सांगायला बसलो की हातचे पत्ते उघडे पडतात, अशी तक्रार तो करतो.

निवेदकाने सगळे पाहावे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावावा, आणि त्या चुकीला कथेतच कारण असावे. समजा, रावेरकडील केळीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवरून रोकड नाहीशी झाली आहे, मुनीम दिवसभर पेढीबाहेर पडलोच नाही असे सांगतो, आणि गोष्ट सांगणारा पुण्याहून नुकताच बदली होऊन आलेला बँकेचा कर्मचारी आहे. शोध लावणारे निवृत्त तलाठी बागेत वाढलेले असल्यामुळे, केळीचा चीक लागताना जवळजवळ रंगहीन असतो, नंतर काळपट पडतो आणि धुऊनही जात नाही, हे त्यांना सांगावे लागत नाही. अडचण अशी की खानदेशी वाचकालाही ते सांगावे लागत नाही! म्हणून मुनीम बागेत गेल्याची ही खूण दोन ठिकाणी विभागावी: पहिल्या दिवशी त्याच्या बाहीवरचा ओलावा निवेदकाला घामाचा वाटावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सदऱ्यावरचा डाग चहाचा.

चोर सापडला तरी आशय हाती येतोच असे नाही. निळ्या माणकाच्या कथेत होम्स गुन्हेगाराला सोडून देतो, आणि कायदा मोठा की न्याय हा प्रश्न वाचकाकडे सोपवतो. आपल्या मुनीमाचा पगार मालकाने वर्षभर थकवला असेल, तर पैसे बागेत पुरलेले ठाऊक असूनही तलाठी काय करतील, हे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी ठरलेले असावे, कारण निवेदकाचा सूर त्यावर अवलंबून असतो.

लिहून झाल्यावर डागाविषयीची वाक्ये तेवढी वेगळी काढून वाचावीत. ‘डाग चहाचा होता’ असे लिहिले असेल तर ती वाचकाची फसवणूक आहे. तेथे ‘डाग मला चहाचा वाटला’ असे करावे.