कोलोनोस्कोपीच्या आधीची ती रात्र कशी काढायची

कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघतात ती टेस्ट. टेस्टचं काही नाही हो, झोपेत होऊन जाते, खरी परीक्षा आदल्या रात्रीची. २-३ दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, पेरू, बिया-सालीचं सगळं बंद, साधा दहीभात खायचा. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सूप, बिनदुधाचा चहा, आणि कोकम सरबत अजिबात नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो.

आता ती पोट साफ करायची, पाण्यात मिसळून प्यायची पावडर. मला २ लिटर होतं, अर्धं रात्री अर्धं पहाटे, चव म्हणजे खारट लिंबूपाणी बिघडल्यासारखी, म्हणून फ्रीजमध्ये गार करा, स्ट्रॉने प्या, मळमळलं तर १५-२० मिनिटं थांबा पण सोडू नका. बाथरूमजवळच मुक्काम ठोका, शीच्या जागी खोबरेल तेल आधीच लावा, नंतर आठवून उपयोग नाही. शेवटी शी पिवळसर पाण्यासारखी स्वच्छ व्हायला पाहिजे, गढूळ असेल तर हॉस्पिटलला फोन करा.

शुगरच्या, रक्त पातळ करायच्या आणि लोहाच्या गोळ्यांचं काय करायचं ते आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारा.

आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून जायचं असेल तर सकाळी लवकरची वेळ मागा, त्या ट्रॅफिकमध्ये पोट घेऊन अडकलो होतो मी! येताना गाडी दुसऱ्याने चालवायची.